दाबलेला इसब आणि छातीतली घरघर : नाशिकच्या एका मुलीचे प्रकरण

“डॉक्टर, तुम्ही मलमाने इसब दाबलात. त्याला बाहेर पडायला वाट उरली नाही, म्हणून तो छातीत गेला.” भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सहा वर्षांच्या नातीच्या तोंडावर वाफेचा मास्क धरून बसलेल्या आजींनी हे वाक्य न रागावता, ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगावी तसे सांगितले. रात्रभर जागलेली आई काही बोलली नाही. पण तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यावरून हा संशय तिच्याही मनात घर करून असावा हे कळत होते.

नाशिकमध्ये बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि बहुतेक वेळा ‘तसे काही नसते, आजी’ एवढे म्हणून पुढे गेलो आहे. या वेळी तसे जाता आले नाही. ही मुलगी पाच महिन्यांची असल्यापासून माझ्याकडे येत होती, तिची सगळी नोंद माझ्याच फाइलमध्ये होती, आणि आजींनी सांगितलेला क्रम त्या नोंदीशी बराचसा जुळत होता : आधी कातडी, मग अन्न, मग नाक, मग छाती. क्रम खरा होता. त्यामागचे कारणही खरे होते का, हे तपासण्यासाठी ती फाइल पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. हे प्रकरण त्या वाचनातून लिहिले आहे. पालकांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जानेवारी, वय पाच महिने

वडील सातपूरच्या एका कारखान्यात पाळीवर काम करणारे, आईचे माहेर निफाड तालुक्यातले, घर सिडकोत आणि घरात आजी-आजोबा, असे हे कुटुंब. मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा थंडी ऐन भरात होती. निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या बहुतेक हिवाळ्यांत वाचायला मिळतात. त्या दिवसांत नाशिकची हवा इतकी कोरडी होते की धडधाकट माणसाचेही ओठ फुटतात. मुलीचे दोन्ही गाल भाजल्यासारखे लाल होते, त्यांवर पिवळसर खपली धरली होती, टाळूवर कोंडा होता आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूंना खरबरीत चट्टे होते. लंगोटाखालची त्वचा मात्र स्वच्छ, मऊ होती. या वयातल्या इसबाची ही जुनी खूण आहे, कारण तो भाग ओलसर राहतो आणि बाळाला तेथे खाजवता येत नाही. ती आईच्या खांद्यावर गाल सारखी घाशीत होती, आणि आईच्या ओढणीवर लस वाळून कडक झालेले दोन डाग होते.

निदान अवघड नव्हते. वैद्यकाच्या भाषेत याला ॲटोपिक डर्माटायटिस म्हणतात. यातला ‘ॲटोपी’ हा शब्द कोका आणि कुक या दोघा अमेरिकी डॉक्टरांनी १९२३ मध्ये वापरात आणला, तो नेमका अशा घराण्यांसाठी, जेथे एकाला दमा आणि दुसऱ्याला शिंका असतात; इसब त्या शब्दाखाली नंतर आला. या घरात मामाला लहानपणापासून दमा होता. वडिलांच्या बाबतीत विचारले तेव्हा “काही नाही, सकाळी उठल्यावर दहा-बारा शिंका येतात, त्या काय मोजायच्या” असे उत्तर आले. त्या मी मोजल्या. मुलीचे तळहातही उघडून पाहिले. त्यांवर बारीक रेषांचे दाट जाळे होते. पंचवटीतल्या एखाद्या हात पाहणाऱ्याला त्यात काय दिसले असते कोण जाणे, पण मला त्यात फिलाग्रिन या प्रथिनाची कमतरता दिसली. त्वचेच्या वरच्या थरातील पेशी घट्ट बांधण्याचे आणि ओल धरून ठेवण्याचे काम हे प्रथिन करते. त्याच्या जनुकातील दोष इसबाशी जोडलेले असतात हे २००६ मध्ये सिद्ध झाले. असे दोष असलेल्यांचे तळहात पुष्कळदा असेच रेषांनी भरलेले असतात. जनुकीय चाचणी केली नाही; तिच्यामुळे उपचारात फरक पडणार नव्हता.

या घरात बाळाची रोजची अंघोळ कशी होते, हे मी त्या दिवशी विचारले होते, पण ऐकून घेतले नव्हते, असे आता फाइल पाहताना वाटते. कोमट तेलाने मालिश, मग डाळीचे पीठ, साय आणि चिमूटभर हळद यांचा लेप चोळून काढणे, त्यावर कढत पाणी आणि शेवटी शेगडीवर ओवा-धूप टाकून धुरी, असा तो क्रम होता. आणि कातडी खरबरीत लागू लागल्यापासून आजींनी पीठ दिवसातून दोनदा लावायला सुरुवात केली होती. मी लिहिले होते : ‘मालिश – होय. कढत पाणी, साबण बंद. पीठ फार चोळू नये.’ पीठ बंद करा, असे मी लिहिले नव्हते.

त्याआधी घराजवळच्या औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली एक ट्यूब लावून झाली होती. तिच्यात तीव्र स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक असे तिन्ही एकत्र होते. चार दिवसांत गाल गुळगुळीत झाले, ट्यूब थांबवताच आठवड्यात आधीपेक्षा लाल झाले. आजींच्या मनातली स्टेरॉइडची भीती येथून सुरू झाली आणि ती निराधार नव्हती. शेजारच्या एका मुलीचा चेहरा अशाच ट्यूबने पातळ, तांबडा झालेला त्यांनी पाहिला होता. या मलमांचा देशभर इतका दुरुपयोग झाला की २०१८ मध्ये केंद्र सरकारला त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घालावी लागली. दुकानांच्या काउंटरवर त्या यादीचा परिणाम किती झाला, हे वेगळे सांगायला नको.

मी साधे पेट्रोलियम जेली दिवसातून चारदा आणि हायड्रोकॉर्टिझोन या सौम्य स्टेरॉइडचे एक टक्क्याचे मलम दिवसातून एकदा, सात दिवस, असे लिहून दिले. चिठ्ठीवर शब्द होते ‘पातळ थर’. किती पातळ, ते मी दाखवले नाही.

अंडे, चाचणी आणि रिकामे होत गेलेले ताट

आठव्या महिन्यात अंड्याचा बलक-पांढरा एकत्र कुस्करून पहिल्यांदा दिला, तेव्हा दहा मिनिटांत ओठांभोवती आणि मानेवर गांधी उठल्या आणि एक उलटी झाली. ही खरी अन्नाची ॲलर्जी होती : थोड्या वेळात आलेली, डोळ्यांना दिसणारी, नेमक्या एका पदार्थाने झालेली. अंडे बंद करणे योग्यच होते. पण नात्यातल्या कोणीतरी सुचवले म्हणून महिनाभराने एका प्रयोगशाळेतून कित्येक पदार्थांची एकत्रित रक्तचाचणी करून आणली गेली आणि तिच्यात दूध, गहू, शेंगदाणा, हरभरा, वांगे, केळे अशा अनेक नावांपुढे ‘पॉझिटिव्ह’ असा शिक्का आला. घरच्यांनी तो कागद स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवला आणि त्यातले एकेक नाव मुलीच्या ताटातून काढले.

ऑक्टोबरमध्ये, चौदा महिन्यांची असताना, ती पुन्हा माझ्याकडे आली तेव्हा मे महिन्यात ७.५ किलो असलेले वजन ७.८ किलो झाले होते. या वयात एवढ्या काळात किलोभराच्या आसपास वजन वाढायला हवे. येथे पाच महिन्यांत तीनशे ग्रॅम वाढले होते. इसब कमी झालाच नव्हता.

या चाचणीबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण अशा कागदांनी केलेले नुकसान मी इसबाने केलेल्या नुकसानापेक्षा कमी पाहिलेले नाही. ही चाचणी रक्तातले आयजीई नावाचे प्रतिपिंड मोजते. १९६६-६७ च्या सुमारास इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहानसन व बेनिक यांनी स्वीडनमध्ये ते शोधून काढले. एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई सापडले, म्हणजे शरीराने त्या पदार्थाची ओळख नोंदवून ठेवली आहे. तो खाल्ल्यावर त्रास होईलच, असा त्याचा अर्थ नाही. इसब असलेल्या मुलांमध्ये एकूण आयजीईच पुष्कळ असते, त्यामुळे अशा कागदावर निम्मे स्वयंपाकघर पॉझिटिव्ह येऊ शकते. अनेक देशांतील शाळकरी मुलांच्या एका मोठ्या पाहणीत भारतातील केंद्रावर अन्नाची खरी ॲलर्जी असण्याचा संभव जेमतेम ०.१४ टक्के मुलांत आढळला होता, आणि रक्तात आयजीई सापडलेल्या मुलांची संख्या त्याच्या अनेक पट होती. ही मुलगी ती चाचणी होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत पोळी दुधात कुस्करून खात होती आणि तिला काही होत नव्हते. हा पुरावा कोणत्याही कागदापेक्षा मोठा होता. तो विचारायला कोणी थांबले नव्हते.

त्याच भेटीत मी आईला घरातली सगळी मलमे दाखवायला सांगितली. पिशवीतून जानेवारीत लिहून दिलेली पंधरा ग्रॅमची ट्यूब निघाली, तीच, आणि ती अर्ध्याहून अधिक भरलेली होती. शेपटीकडून गुंडाळलेली नव्हती. टोपणाजवळ अंगठ्याची एक खळगी तेवढी पडली होती. मी आईला तर्जनी पुढे करायला सांगितली, बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढली आणि हिशेब मांडला. एका पेरात अर्धा ग्रॅम मलम बसते आणि ते मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. पाच महिन्यांच्या मुलीच्या चेहऱ्या-मानेला एक पेर, दोन्ही हातांना दोन आणि दोन्ही पायांना तीन, मिळून सहा पेरे, म्हणजे तीन ग्रॅम रोज लागतात. म्हणजे ती ट्यूब जानेवारीतच पाच दिवसांत संपायला हवी होती, आणि सात दिवसांच्या उपचाराला एक पुरलीच नसती. आई म्हणाली, “तुम्हीच पातळ थर लिहिलं होतं ना.” ते बरोबर होते.

पुढचे दोन महिने ताट भरण्यात गेले. दूध आणि गहू घरीच सुरू केले. शेंगदाण्याचा कूट पाण्यात पातळ करून रुग्णालयात देखरेखीखाली दिला. काही झाले नाही, आणि तो आठवड्यातून तीनदा चालू ठेवायला सांगितले. वांगे आणि केळे यांच्यासाठी तर चाचणीची गरजही वाटली नाही. हरभऱ्याच्या बाबतीत मात्र टोचून केलेल्या त्वचा-चाचणीत सहा मिलिमीटरची गांधी आली, तीनच्या वर आली की ती मोजायची असते, म्हणून पातळ पिठले शिजवून आणायला सांगितले आणि तेही रुग्णालयात दिले. पहिला चाटण्याएवढा घास पचला, दुसरा पचला. तिसऱ्या अर्ध्या चमच्यानंतर ती आधी शांत झाली, मग मान खाजवू लागली, बारा मिनिटांनी गळ्याभोवती गांधींची माळ उठली आणि आवाज घोगरा झाला. तीव्र ॲलर्जीवर द्यायचे ॲड्रिनलिनचे इंजेक्शन भरून ठेवले होते. ते द्यावे लागले नाही, पण देण्याच्या बेतात होतो. म्हणजे त्या लांबलचक यादीतला हरभरा खरा होता.

त्या संध्याकाळी मला अंघोळीचे डाळीचे पीठ आठवले.

कातडीतून शिरलेली ओळख

अन्नाची ॲलर्जी पोटातून सुरू होते, असे आपण वर्षानुवर्षे धरून चाललो होतो. लंडनचे डॉक्टर गिडियन लॅक यांनी २००८ मध्ये वेगळी मांडणी केली : तोंडावाटे, योग्य वयात पोटात गेलेल्या अन्नाला शरीर आपले मानायला शिकते, पण तेच अन्न फुटलेल्या, सुजलेल्या कातडीतून कणाकणाने शिरले तर ते परके म्हणून नोंदले जाते. कौले सरकलेल्या घरात पाहुणा दारातून आला तर त्याला पाणी विचारतात, छपरातून उतरला तर चोर म्हणून धरतात, तसा हा प्रकार. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळे होती. ज्यांना लवकर आणि नियमित शेंगदाणा खायला दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी खूपच कमी आढळली. कातडीच्या बाजूचा पुरावा जपानमध्ये अनपेक्षितपणे मिळाला. तेथे गव्हाचे विघटित प्रथिन घातलेला चेहऱ्याचा साबण वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली. त्यांतले बहुतेक जण तोवर गव्हाचे पदार्थ सुखाने खात आले होते.

आमच्याकडे फुटलेल्या गालांवर रोज दोनदा, चोळून, हरभऱ्याचे पीठ लागत होते, आणि त्याच हरभऱ्याचा घास मुलीच्या तोंडात वर्षभर गेला नव्हता. या मांडणीला याहून चपखल उदाहरण शोधून सापडणार नाही. तरीही एका मुलीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मला लिहिले पाहिजे. अंडे तिच्या अंगाला कोणी लावले नव्हते आणि अंड्याचीही ॲलर्जी झाली. घरातल्या धुळीत आणि अंथरुणात अंड्याचे प्रथिन सापडते म्हणून तेही कातडीतूनच आले असेल, असे म्हणता येते, पण हे सोयीचे उत्तर झाले. साय तर रोज लागत होती, आणि दूध तिला नीट पचले. डाळीच्या पिठाचा संशय मला दाट वाटतो, एवढेच मी म्हणेन. फुटलेल्या कातडीवर पीठ, साय, उटणे यांपैकी काहीही लावू नये, हे सांगायला मात्र संशयच पुरेसा आहे. कारण न लावण्याने काही बिघडत नाही.

आजींना हे पटायला वेळ लागला. मालिश बंद करायला सांगितले असते तर त्या दुखावल्या असत्या, आणि दुखावण्याचे कारणही नव्हते. मालिश खोबरेल तेलाने, हलक्या हाताने चालू राहिली. पीठ गेले, धुरी गेली, पाणी कोमट झाले. मलम पेराच्या मापाने लागू लागले आणि महिन्याभरात गाल नितळ झाले. त्यानंतर पूर्वी चट्टे असलेल्या जागी, त्या बऱ्या दिसत असतानाही, आठवड्यातून दोनदा मलम चालू ठेवले, आणि दोन वर्षांची झाल्यावर चेहऱ्यासाठी ते बदलून टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेले मलम दिले. हरभऱ्याचे पथ्य मात्र नाशिकमध्ये पाळणे किती अवघड आहे, हे त्या घराकडून शिकावे : शेव नाही म्हणजे मिसळ नाही, भजी नाहीत, पुरणपोळी नाही, आणि बाहेर खाताना कशाच्या रश्श्याला पीठ लावले आहे ते विचारत बसायचे. आजींनी मुगाच्या डाळीच्या पुरणाची पोळी बसवली. ती बरी लागते. मी खाल्ली आहे.

नाक, आणि मग कांद्याची चाळ

दोन वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, ऑगस्टच्या झडीत, सर्दीबरोबर पहिल्यांदा घरघर झाली आणि पुढच्या वर्षभरात आणखी तीनदा झाली. या वयात सर्दीच्या विषाणूंनी घरघर होणारी मुले पुष्कळ असतात आणि त्यांतली बरीच शाळेत जाईपर्यंत त्यातून बाहेर पडतात, म्हणून लगेच दमा म्हणू नये, हे खरे. पण कोणाची घरघर टिकेल याचा अंदाज बांधण्यासाठी २००० मध्ये सुचवलेल्या निकषांत आई-वडिलांपैकी एकाचा दमा आणि मुलाचा स्वतःचा इसब, हे दोनच मुख्य धरले आहेत. तो दुसरा निकष हिच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घडीत लिहिलेला होता, कारण इसब आता गालांवरून तेथे उतरला होता. फाइलमध्ये मी ‘दम्याचा संभव, लक्ष ठेवणे’ असे लिहिले आहे. लक्ष मी ठेवले. घरच्यांना मात्र हे पुरेशा स्पष्टपणे सांगितल्याची नोंद नाही, आणि मधल्या काळात इतरत्र तिला खोकल्याची औषधे व प्रतिजैविके अनेकदा दिली गेली.

पाचव्या वर्षी नाक सुरू झाले. तळहाताने नाक वर पुसण्याच्या सवयीने नाकाच्या शेंड्याच्या जरा वर आडवी रेघ उमटली होती, झोपेत तोंड उघडे राहत होते. त्वचा-चाचणीत धुळीतल्या किड्यांची गांधी सात मिलिमीटर आली, गाजरगवताची चार. हे गवत १९५०च्या दशकात पुण्याजवळ पहिल्यांदा नोंदले गेले आणि आज नाशिकच्या कोणत्याही मोकळ्या प्लॉटवर पावसानंतर कमरेएवढे उभे असते. पण या मुलीचा मुख्य वैरी गादीत होता. किडे दमटपणात वाढतात आणि आपल्या कातडीचा कोंडा खातात. इसब असलेल्या मुलाची गोधडी म्हणजे त्यांचे अन्नछत्रच.

अंड्याने मात्र चौथ्या वर्षी सुटका केली होती. आधी केकमध्ये भाजलेले, मग उकडलेले, असे देखरेखीखाली देऊन ते सुरू झाले. हरभरा राहिला.

आणि मग ती भाऊबीज. मामाच्या मळ्यात उन्हाळ कांद्याची चाळ रिकामी करायचे काम दिवाळीतच निघाले होते. सहा-सात महिने साठवलेल्या कांद्यात खालचा थर सडतो, आणि सालींवर काजळी धरते, ती ॲस्परजिलस नावाची काळी बुरशी. कांदे ओतताना सालींचा आणि काजळीचा धुरळा उडतो. मामेभावंडांबरोबर ती दुपारभर त्या धुरळ्यात खेळली, संध्याकाळी फटाके झाले, सर्दी दोन दिवसांपासून होतीच. यातले नेमके काय कारण ठरले हे वेगळे काढता येणार नाही. रात्री अकराला खोकला सुरू झाला, एक वाजता तिला आडवे होता येईना. नाशिकला आणली तेव्हा श्वास मिनिटाला ४८, रक्तातला प्राणवायू ९० टक्के, गळ्याजवळची खळगी प्रत्येक श्वासाला आत जात होती, आणि नाव विचारले तर ते दोन तुकड्यांत सांगत होती. वीस-वीस मिनिटांनी सालब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाची वाफ, पोटातून स्टेरॉइड, प्राणवायू. पहाटेपर्यंत ती झोपली. सकाळी आजी ते वाक्य बोलल्या.

आजींना दिलेले उत्तर

माझ्याकडे ती ट्यूब होती. २०० ग्रॅम जेलीच्या डब्याशेजारी ठेवून आईला माप दाखवायला मी ती तेव्हा मागून घेतली होती आणि ती फाइलच्या पाकिटातच राहून गेली होती. ती आजींसमोर ठेवली आणि म्हणालो, “आजी, इसब ज्या वर्षी सगळ्यांत जास्त पेटला होता, त्या वर्षी नऊ महिन्यांत एवढेसे मलम लागले. हे दाबणे म्हणायचे का?” त्या बराच वेळ ट्यूबकडे पाहत राहिल्या. “म्हणजे लावलंच नाही,” असे त्या म्हणाल्या.

त्यांची समजूत अडाणीपणाची नव्हती, हेही सांगितले पाहिजे. त्वचेवरचे पुरळ बाहेरून घालवले तर रोग आत वळतो, ही कल्पना युरोपात मोठमोठ्या वैद्यांनी धरलेली होती. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी एकोणिसाव्या शतकात तिच्यावर आपली बरीच मांडणी उभी केली. आणि दिसणारा क्रम तिला पुष्टी देणाराच आहे : इसब अनेकदा वयाबरोबर आपोआप ओसरतो, आणि दमा नेमका त्याच वयात डोके वर काढतो. मध्ये मलम लावले असो वा नसो, हे घडते. दोघांच्या मुळाशी एकच वळण आहे. जखमी त्वचेतून आणि श्वासनलिकेच्या अस्तरातून निघणारे संदेश रक्तातल्या त्याच पेशींना त्याच दिशेने ढकलतात. त्या पेशी मग स्वतःचे संदेशवाहक सोडतात; इंटरल्यूकिन ४ आणि १३ ही त्यांतल्या दोघांची नावे. त्यांना अडवणारे डुपिलुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०१७ मध्ये इसबासाठी आणि २०१८ मध्ये दम्यासाठी मान्य झाले, यावरूनच दोन्ही आजारांचा स्वयंपाक एका चुलीवर होतो हे दिसते. या मुलीला त्या इंजेक्शनची गरज पडली नाही.

आईचा प्रश्न वेगळा होता, आणि अवघड होता : “मग नीट मलम लावलं असतं, तर दमा टळला असता का?” याला प्रामाणिक उत्तर ‘ठामपणे सांगता येत नाही’ हेच आहे. जपानमध्ये ६५० बाळांवर झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इसबावर सुरुवातीपासून जोरदार उपचार केल्यावर अंड्याच्या ॲलर्जीचे प्रमाण ४१.९ टक्क्यांवरून ३१.४ टक्क्यांवर आले. पण त्या बाळांची वजन-उंचीची वाढ थोडी मागे पडली, म्हणून तोच उपचार जसाच्या तसा सर्वांना द्यावा, असे संशोधकही म्हणत नाहीत. दमा टळतो, असे अजून कोणी दाखवलेले नाही. आणि ‘आधी इसब, मग दमा’ या रांगेची भीतीही प्रमाणाबाहेर घेऊ नये. इसब असलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांशांना पुढे दमा होतो, म्हणजे बहुतेकांना होत नाही. ब्रिटनमधील नऊ हजारांहून अधिक मुलांच्या २०१४ मधील अभ्यासात तर ही रांग पायरीपायरीने चढणारी मुले, लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे सात टक्केच निघाली. इसब लवकर सुरू झालेला, तीव्र, आणि त्यात अन्नाची ॲलर्जी, अशा मुलांना धोका अधिक. हिच्यात हे तिन्ही होते.

दोन आठवड्यांनी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून श्वासाचा जोर मोजण्याची चाचणी, केली. औषधाचे पफ दिल्यानंतर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १५ टक्क्यांनी वाढली. निदान पक्के झाले. ब्युडेसोनाइड या श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडचे पफ दिवसाला २०० मायक्रोग्रॅम, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून, असे सुरू केले. ‘पंप लागला की सुटत नाही’ हे वाक्य अर्थातच आले, आणि पाठोपाठ उंचीची काळजी आली. उंचीबाबत मी खरी माहिती दिली : अमेरिकेत याच औषधाचे दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम काही वर्षे घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली होती. वडिलांनी अंगठा आणि तर्जनी यांत तेवढे अंतर धरून पाहिले आणि म्हणाले, “चालेल. ती रात्र पुन्हा नको.”

गादीला घट्ट विणीचे खोळ, चादरी आठवड्याला गरम पाण्यात, कॉइल आणि उदबत्ती मुलीच्या खोलीबाहेर. यातले एकेक उपाय स्वतंत्रपणे फारसा फरक पाडत नाहीत, म्हणून मी पफांचे तंत्र पाहण्यात अधिक वेळ घालवला. पुढच्या वर्षात एकदाच घरघर झाली, ती सर्दीने, आणि घरीच आवरली. मामाने पुढच्या वर्षी चाळ दसऱ्यालाच रिकामी करून घेतली.

त्या सकाळी आई दोन महिन्यांची गरोदर होती, हे मला नंतर कळले. तिच्या नजरेत तोही प्रश्न असणार. जूनमध्ये मुलगा झाला. दुसऱ्या महिन्यात आजी त्याला घेऊन आल्या आणि पीठ लावू का असे न विचारता, “नुसतं खोबरेल ना?” असे विचारले. सरसकट सर्व बाळांना जन्मापासून क्रीम चोपडल्याने इसब टळत नाही, हे १,३९४ बाळांच्या ब्रिटिश प्रयोगात २०२० मध्ये दिसले आहे, म्हणून मी कोणतेही महागडे क्रीम लिहून दिले नाही. खोबरेल चालेल, पुरळ दिसले की थांबू नका, लगेच आणा, असे सांगितले. सहा महिन्यांनंतर वरणभाताबरोबर अंडे, शेंगदाण्याचा कूट आणि पिठलेही सुरू करायचे ठरले. जानेवारीत त्याच्या डाव्या गालावर रुपयाएवढे दोन चट्टे आले. मलम पेराच्या मापाने लागले आणि तीन दिवसांत चट्टे गेले. आता तो अकरा महिन्यांचा आहे, वजन ९.१ किलो, पिठले खातो; बहिणीच्या ताटात ते अजून पडत नाही, तिची पुढची त्वचा-चाचणी दसऱ्यानंतर ठेवली आहे.